इंडियन ओपन : बॅगा उचलणाऱ्या पोरांनी घडवलेली स्पर्धा

फुरसतराव (धागाकर्ता)

क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ यांवरच्या धाग्यांना इथे तोटा नाही. गोल्फवर मात्र शोधूनही काही हाती लागत नाही. लागलंच तर 'हा खेळ आहे की फेरफटका' यावरची भांडणं. म्हणून हा प्रपंच. विषय एकच, इंडियन ओपन. आपल्या देशाची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा, १९६४ पासून चालत आलेली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ही स्पर्धा सुरू व्हायला एक ऑस्ट्रेलियन माणूस कारणीभूत झाला, ती भरवली साहेबी थाटाच्या क्लबांनी, पैसा ओतला कंपन्यांनी. पण तिच्या इतिहासात आपल्याला सांगण्यासारखं जे काही आहे, त्यातला मोठा वाटा क्लबात दुसऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या पोरांचा, म्हणजे कॅडींचा आहे.

तो ऑस्ट्रेलियन म्हणजे पीटर थॉमसन. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला माणूस : १९५४, ५५, ५६, ५८ आणि ६५. ऑस्ट्रेलियाहून ब्रिटनला जाता-येता तो भारतात उतरायचा, इथल्या मैदानांवर खेळायचा. इथल्या मंडळींना त्याने गळ घातली की तुमचीही एक राष्ट्रीय खुली स्पर्धा हवी. इंडियन गोल्फ युनियन १९५५ मध्ये स्थापन झालेली होती, क्लब होते, हौशी खेळाडू होते, पण जगातल्या व्यावसायिकांनी बॅग भरून इकडे यावं असं काही नव्हतं. १९६४ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली. जिंकली कोणी? थॉमसननेच. लग्न जुळवणाऱ्यानेच बोहल्यावर चढावं तसं झालं. पुढे १९६६ आणि १९७६ मध्येही तोच जिंकला. ७६ साली त्याचं वय सेहेचाळीस होतं.

मधल्या १९६५ च्या स्पर्धेला मात्र तोड नाही. स्पर्धा कोलकात्याला, रॉयल कॅलकटा गोल्फ क्लबवर होती. जिंकला प्रेम गोपाल सेठी, सगळे ज्याला बिल्लू सेठी म्हणायचे तो. हा व्यावसायिक नव्हताच. हौशी! १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा गोल्फचा पुरस्कार यालाच मिळाला होता. म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी भारतीय विजेता. तेव्हाच्या कुणालाही वाटलं असतं की आता दर दोन-तीन वर्षांनी आपला एखादा जिंकणार.

नंतरचा भारतीय विजेता मिळायला १९९१ उजाडलं. सव्वीस वर्षं.

मधल्या काळात जपानचा केन्जी होसोइशी लागोपाठ दोनदा (१९६७, ६८), मग फिलिपिन्सचा बेन आर्डा, तैवानचे, ऑस्ट्रेलियाचे, अमेरिकेचे खेळाडू येऊन करंडक घेऊन गेले. १९७० पासून स्पर्धा आशियाई सर्किटमध्ये गेली आणि मग तर दर आठवड्याला वेगळ्या देशात खेळणारा तयार कंपूच दिल्ली-कोलकात्यात उतरू लागला.

हा दुष्काळ का पडला आणि तो कोणी संपवला, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवण वाट पाहतंय.

शिट्टी

वाचतोय. फुरसतराव, माझ्यासारख्या ढ मंडळींसाठी दोन ओळी टाका ना. हौशी माणूस व्यावसायिकांच्या स्पर्धेत कसा काय खेळतो? आणि बक्षिसाचे पैसे घरी नेतो का?

हिरवळ

शिट्टी, फुरसतराव जेवतायत तोवर मी सांगते. खुली स्पर्धा दोघांनाही खुली असते, फक्त पात्रता हवी. चार दिवस, रोज अठरा होल (चेंडू घालायचे खड्डे), एकूण बहात्तर. पहिल्या दोन दिवसांनंतर 'कट' लागतो, त्यात मागचे लोक घरी जातात. चेंडूला सर्वांत कमी फटके मारणारा जिंकतो. प्रत्येक होलला किती फटके अपेक्षित ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणायचं. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. बाकीचं बघता बघता कळतं.

हौशी खेळाडू जिंकला तर करंडक त्याचा, रोख रक्कम मात्र त्याच्या पाठोपाठ आलेल्या व्यावसायिकाला. हौशीपण सोडलं नसेल तर पैसा घेता येत नाही.

बेरकी

बिल्लू सेठी घरचा खाऊनपिऊन सुखी असणार, हे वेगळं सांगायला नको. ज्या खेळात बक्षीस न घेता खेळणं परवडतं, तो कोणाचा खेळ हे उघड आहे. शहराच्या ऐन मध्यावर शेकडो एकर हिरवळ, तिला पाणी, आणि आत मूठभर सदस्य. धागा वाचतोय, पण कौतुकाच्या आरत्या ओवाळायला सांगू नका.

फुरसतराव

बेरकी, आरत्या नाहीत. उलट तुमचा मुद्दा माझ्या गोष्टीच्या आत आहेच.

त्या सव्वीस वर्षांचं बघा. क्लबाचे सदस्य हौशी. त्यांच्यात चांगले खेळाडू होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत लक्ष्मण सिंगने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि संघानेही सुवर्ण आणलं. पण त्यांतल्या बहुतेकांना गोल्फवर पोट भरायचं नव्हतं, म्हणून ते व्यावसायिक होत नसत. व्यावसायिक कोण व्हायचे? क्लबात कॅडी म्हणून लागलेले, सदस्यांना शिकवणारे, मैदानाची देखभाल करणाऱ्यांच्या घरातले. त्यांच्यापाशी कौशल्य होतं, पण देशात स्पर्धाच मोजक्या. वर्षातले मोजके आठवडे खेळणारा आपला माणूस आणि वर्षभर सर्किटवर फिरणारा ऑस्ट्रेलियन किंवा तैवानी, हा सामना कसा बरोबरीचा होणार? त्यात चांगल्या स्टिक परदेशातून यायच्या, त्या महाग. एखाद्या सदस्याने टाकून दिलेल्या जुन्या स्टिकवर शिकलेली पोरं होती ही.

कॅडी म्हणजे नुसता हमाल नव्हे, हे नवख्यांनी लक्षात घ्यावं. हिरवळीचा उतार कुठे वळतो, वारा कुठल्या झाडामागून येतो, कुठल्या अंतरावर कुठली स्टिक, हे सगळं त्याच्या डोक्यात. सदस्य आठवड्यातून दोनदा खेळणार, कॅडी रोज ते मैदान पायाखाली घालणार. कित्येक क्लबांत आठवड्यातला बंदचा दिवस कॅडींना खेळायला मोकळा असे. शाळा म्हणायची तर तीच.

१९९१ मध्ये दिल्लीत अली शेर जिंकला. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला मुलगा. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. लोकांनी म्हणावं की नशिबाने झालं, तर १९९३ मध्ये पुन्हा तोच जिंकला.

माझ्या मते भारतीय व्यावसायिक गोल्फची खरी जन्मतारीख १९६४ नाही, १९९१ आहे. १९६४ ला करंडक जन्मला, एवढंच.

मीनल_क

अली शेर हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. १९९१ मधल्या क्रिकेटपटूंची नावं मात्र झोपेतही सांगेन.

जुना_कोलकातेकर

नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं कोलकात्यात काढली, म्हणून तिकडची बाजू मांडतो. फुरसतरावांनी इतिहास १९६४ पासून सुरू केला, त्याला माझा थोडा आक्षेप आहे. रॉयल कॅलकटा १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर याच्याइतका जुना गोल्फ क्लब जगात दुसरा नाही. अमेरिकेत गोल्फ रुजलाही नव्हता तेव्हा दमदमला हे लोक चेंडू मारत होते. टॉलीगंजच्या आताच्या जागेवर ते नंतर आले. देशाची हौशी स्पर्धा १८९२ पासून आहे. १९६४ ला जगभरच्या व्यावसायिकांना दार उघडलं, पण घर आधीपासून बांधलेलं होतं.

मैदानाबद्दल सांगायचं तर जमीन सपाट आणि जागोजागी तळी. दुरून निरुपद्रवी दिसतं. चेंडू पाण्यात गेला की कळतं. तिथला खेळाडू लहान फटक्यांचा उस्ताद होतो.

आणि कॅडींच्या यादीत दिल्लीच का? १९९८ चा विजेता फिरोज अली कोलकात्याचाच. १९९९ ला अर्जुन अटवाल, तोही कोलकात्यातच वाढलेला. कॅडी नव्हे, चांगल्या घरचा. २००० ला ज्योती रंधावा. लागोपाठ तीन वर्षं भारतीय.

फुरसतराव

कोलकातेकर, १८२९ मान्य. त्या हौशी स्पर्धेवर वेगळा धागा तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

१९९८ ते २००० ही तीन वर्षं मला फार आवडतात, कारण त्यात तीन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं आहेत. फिरोज अली कॅडींच्या जगातला. अटवाल पुढे अमेरिकेत गेला आणि २०१० मध्ये विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकून पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जिंकलेला पहिला भारतीय ठरला. रंधावा २००२ मध्ये आशियाई टूरच्या वर्षाच्या क्रमवारीत पहिला आला, हे करणाराही तो पहिलाच भारतीय. आणि इंडियन ओपन त्याने २००६, २००७ मध्ये पुन्हा जिंकली. एकूण तीन. थॉमसनची बरोबरी.

त्याच काळात लखनौचा विजय कुमार (२००२). आणि २००९ मध्ये सी. मुनियप्पा. बंगळूरचा, हाही आधी कॅडी. त्या वर्षी स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर होती. ली सुंग नावाच्या कोरियनशी बरोबरी झाली, प्लेऑफ (बरोबरी फोडायला जादा होल) झाला आणि पहिल्याच होलला मुनियप्पाने निकाल लावला. तोवर बक्षिसाची रक्कम डॉलरमध्ये लाखांच्या घरात पोचली होती. एका दुपारी आयुष्य बदलणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

बेरकी

हे चांगलं सांगितलंत. पण एक प्रश्न राहतोच. जिंकलेल्या तीन-चार कॅडींची नावं तुम्ही घेताय. ज्या हजारो पोरांनी बॅगा उचलल्या आणि ज्यांना कुठलाच करंडक मिळाला नाही, त्यांचं काय? एखादा वर आला की 'बघा, खेळाने संधी दिली' म्हणायला सगळे मोकळे.

हिरवळ

बेरकी, पटलं. पण उलटही बघा. आपल्याकडे टेनिसमध्ये किती बॉल-बॉय राष्ट्रीय विजेते झाले? गोल्फमध्ये निदान ती फट होती. रुंद नव्हती हे खरंच.

शेजारच्या देशातलं उदाहरण तर याहून मोठं. २०१३ चा विजेता सिद्दिकुर रहमान, बांगलादेशचा. ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबात चेंडू गोळा करणारा मुलगा, मग कॅडी. दिल्लीत शेवटच्या दिवशी एका फटक्याने जिंकला. मागे आपले अनिर्बान लाहिरी आणि चौरासिया. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बांगलादेशचा झेंडा त्याच्याच हातात होता. ज्या देशात गोल्फ कोणी बघत नाही, तिथला झेंडा!

शिट्टी

चौरासिया हे नाव आत्ता आलं. पानवाल्या आडनावाचा हा गोल्फवाला कोण?

फुरसतराव

शिट्टी, मी त्याच्यावरच येणार होतो. एस. एस. पी. चौरासिया. हा धागा काढण्याचं खरं कारण तोच.

वडील रॉयल कॅलकटावर हिरवळीची देखभाल करणारे. पोरगा तिथेच वाढला, तिथेच शिकला. उंची बेताची, ताकदीचा ड्राइव्ह (पहिला लांब फटका) नाही, पण हिरवळीच्या आसपास त्याच्या हातात जादू. चिपिंग (हिरवळीजवळून मारायचा छोटा फटका) आणि पटिंग (हिरवळीवरून चेंडू होलात ढकलणं) इतकं पक्कं की सहकाऱ्यांनी नावच 'चिपपटसिया' पाडलं. २००८ मध्ये दिल्लीला इंडियन मास्टर्स नावाची युरोपियन टूरची स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. पण इंडियन ओपन काही हाताला लागेना. चार वेळा उपविजेता.

चौथी वेळ सर्वांत जिव्हारी लागणारी. २०१५, फेब्रुवारी, दिल्ली. त्या वर्षीपासून स्पर्धेला युरोपियन टूरचीही मान्यता मिळाली होती (म्हणूनच २०१४ मध्ये स्पर्धा झाली नाही, ती पुढे सरकवून फेब्रुवारीत आणली). शेवटच्या दिवशी चौरासिया आघाडीवर, अनिर्बान लाहिरी त्याच्या सात फटके मागे. सात! दिवस संपता संपता दोघे बरोबरीत, प्लेऑफमध्ये लाहिरीची बर्डी आणि खेळ खलास. लाहिरीने त्याच महिन्यात मलेशियन ओपनही जिंकली होती, त्यामुळे बातम्या त्याच्याच झाल्या. लाहिरीचा जन्म पुण्यातला हे इथल्या पुणेकरांसाठी सांगून ठेवतो, नाहीतर त्यावर वेगळा धागा निघेल.

पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, चौरासिया जिंकला. दोन फटक्यांनी. मागे कोण? लाहिरी आणि कोरियाचा वांग जुंग-हुन.

तेव्हा काही जाणकार म्हणाले की दिल्ली गोल्फ क्लब आहेच त्याच्यासाठी. अरुंद मैदान, लांब फटक्याचं काम नाही. मग २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामला गेली, गॅरी प्लेअरने आखलेल्या डीएलएफच्या नव्या मैदानावर. लांबलचक, खडकाळ, हिरवळी अशा की चेंडू ठरायला तयार नाही. जगभरचे लांब फटकेवाले तिथे वैतागले. आणि चौरासिया जिंकला सात फटक्यांनी. दोन वर्षांपूर्वी जेवढी आघाडी गमावली तेवढ्याच फरकाने.

इंडियन ओपनमधला सर्वांत मोठा विजय कोणता, असं विचारलं तर लोक १९६५ म्हणतात, काही १९९१ म्हणतात. मी २०१७ म्हणतो.

जुना_कोलकातेकर

टॉलीगंजच्या वतीने +१.

हिरवळ

मैदानांचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण या स्पर्धेचा इतिहास मैदान बदलल्याने बदललाय असं माझं मत आहे.

दिल्ली गोल्फ क्लबचं लोधी मैदान ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी गूगलवर फोटो बघा. मैदानात मुघलकालीन घुमट. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं असं रान की चेंडू आत गेला तर शोधायला न जाणं शहाणपणाचं. मोर हिंडत असतात. १९७० च्या दशकात त्या मैदानाची फेरआखणी थॉमसननेच केली होती. तिथे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी स्टिक, बॅगेतच ठेवणारा शहाणा. ताकदीपेक्षा नेम आणि संयम. तिथल्या कॅडीला या मैदानाची नस माहीत असल्याने पाहुण्या खेळाडूपेक्षा तो आधीच दोन पावलं पुढे असायचा.

डीएलएफला ते चालत नाही. तिथे कोणालाच 'घरचं मैदान' नाही. खाणीसारखे कडे, उंचसखल, एका चुकीला तीन-चार फटक्यांची शिक्षा. २०१९ चा विजेता स्कॉटलंडचा स्टीफन गॅलाकर आठवा : शेवटच्या दिवशी सातव्या होलला आठ फटके लागले, पारपेक्षा चार जास्त. तिथे कुणीही मनातून हरला असता. हा पठ्ठ्या शेवटच्या तीन होलला तीन बर्डी करून एका फटक्याने जिंकला. वय चव्वेचाळीस, कॅडी कोण तर त्याचाच मुलगा.

तर मुद्दा असा. २०१७ नंतर या मैदानावर इंग्लंडचा मॅट वॉलेस (२०१८), गॅलाकर, मग कोविडमुळे तीन वर्षं स्पर्धाच नाही, मग जर्मनीचा मार्सेल झीम (२०२३), जपानचा केइता नाकाजिमा (२०२४), स्पेनचा युजेनियो चकारा (२०२५). भारतीय एकही नाही. २०२४ ला गुरुग्रामचाच वीर अहलावत संयुक्त दुसरा आला, तेवढंच.

बेरकी

म्हणजे फुरसतरावांची कॅडीची गोष्ट २०१७ ला संपली म्हणायची?

फुरसतराव

बेरकी, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवता राव.

थोडी संपलीच आहे असं मला वाटतं. कारण मैदान एवढंच नाही. २००६ मध्ये पीजीटीआय, म्हणजे देशातल्या व्यावसायिकांची टूर, उभी राहिली. वर्षभर देशात स्पर्धा मिळू लागल्या. ते उत्तमच झालं. पण त्याच बरोबर घडणारा खेळाडू बदलला. आजचा तरुण व्यावसायिक लहानपणापासून प्रशिक्षकाकडे शिकलेला, व्यायामशाळेत घडलेला, कधी अमेरिकेच्या कॉलेजात खेळून आलेला असतो. आपला उदयन माने घ्या, टोकियो ऑलिंपिक खेळला. ही वेगळी वाट आहे आणि तिला पैसा लागतो. कॅडीच्या घरातला मुलगा आजही येतो, पण त्याची स्पर्धा आता आठवड्याला दोनदा खेळणाऱ्या सदस्याशी नाही, या घडवलेल्या मुलाशी आहे.

आणि स्पर्धाही मोठी झाली. २००५ पासून हीरो प्रायोजक आहे. आधी हीरो होंडा, मग नुसतं हीरो. २०१५ ला बक्षिसाची एकूण रक्कम १५ लाख डॉलर होती, २०२५ ला साडेबावीस लाख. एवढ्या पैशाला युरोपातले खेळाडू येणारच. आपल्या पोरांना घरबसल्या त्या दर्जाशी झुंजायला मिळतं, हा फायदा. करंडक घरी राहत नाही, हा तोटा. मला विचाराल तर हा सौदा बरा आहे. सव्वीस वर्षांच्या दुष्काळात तर फायदा काढण्याइतकीही तयारी नव्हती.

रानवारा

सौदा बरा आहे? मला नाही पटत. राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे राष्ट्रातल्या खेळाडूंची आधी. रक्कम कमी असली तरी चालेल, पण दोन वर्षांनी एकदा दिल्ली, एकदा कोलकाता, एकदा बंगळूर अशी फिरती ठेवा. २०१२ ला बंगळूरला झाली होतीच की. एकाच मैदानाला नाळ जोडून ठेवायची गरज काय? तेही दिल्ली क्लबसारखं शंभर गोष्टी सांगणारं मैदान सोडून.

हिरवळ

रानवारा, फिरती ठेवण्याला माझाही पाठिंबा आहे. पण दिल्ली क्लब विस्मरणात गेला असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. रॉरी मॅकिलरॉय आला होता, जिंकला टॉमी फ्लीटवुड. चाळीस लाख डॉलरची स्पर्धा. राष्ट्रीय ओपन एका मैदानावर आणि तिच्याहून जास्त पैशाची दुसरी स्पर्धा तिच्या जुन्या घरात, हा प्रकार मला तरी विचित्र वाटतो. गर्दी मॅकिलरॉयमागे धावणार यात नवल नाही, पण इंडियन ओपनला साठ वर्षांची वंशावळ आहे.

शिट्टी

वंशावळीत कोणी फार मोठं नाव आहे का? म्हणजे इथे जिंकून पुढे जगप्रसिद्ध झालेला?

जुना_कोलकातेकर

आहे ना. पेन स्टुअर्ट. १९८१ चा विजेता. अमेरिकेच्या टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळालं नाही म्हणून आशियात नशीब काढायला आलेला तरुण. त्या वर्षी इंडियन ओपन आणि इंडोनेशियन ओपन दोन्ही जिंकून गेला. पुढे १९८९ ची पीजीए चॅम्पियनशिप, १९९१ आणि १९९९ ची यूएस ओपन. गुडघ्यापर्यंतची विजार आणि टोपी ही त्याची ओळख. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये, यूएस ओपन जिंकल्यावर चारच महिन्यांनी, विमान अपघातात गेला. वय बेचाळीस.

अवांतर : १९७१ आणि ७३ चा विजेता ग्रॅहम मार्श हा ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक रॉडनी मार्शचा सख्खा भाऊ. क्रिकेटवाल्यांना धाग्यात ओढण्यासाठी एवढं पुरे व्हावं.

शिट्टी

पुरे झालं. आता मी शेवटपर्यंत बसणार.

मीनल_क

जीव मिल्खा सिंगचं नाव कोणीच घेतलं नाही. आमच्या पिढीला गोल्फ म्हटलं की तोच आठवतो. तो किती वेळा जिंकला?

फुरसतराव

एकदाही नाही! हीच तर या स्पर्धेची गंमत आहे. १९९८ मध्ये युरोपियन टूरचं सदस्यत्व मिळवणारा पहिला भारतीय, २००६ ची व्होल्वो मास्टर्स जिंकलेला, आणि घरची ओपन मात्र त्याच्या नावावर नाही. उलट अली शेरच्या नावावर दोन. म्हणून मी म्हणतो, या यादीवरून भारतीय गोल्फचा इतिहास लिहायचा तर तो उलट्या बाजूने लिहावा लागतो.

मीनल_क

आणि बायकांचं काय? सगळा धागा पुरुषांचा झाला.

हिरवळ

खरंय. महिलांची इंडियन ओपन २००७ पासून आहे. २०१६ मध्ये अदिती अशोक जिंकली. त्याच वर्षी अठराव्या वर्षी ती रिओ ऑलिंपिक खेळून आली होती. युरोपच्या महिला टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. टोकियोला ती चौथी आली तेव्हा शनिवारी सकाळी सगळा देश अचानक गोल्फतज्ज्ञ झाला होता, आठवतं? म्हणजे २०१६ हे साल बघा : पुरुषांत चौरासिया, महिलांत अदिती. दोन्ही ओपन घरात. असं वर्ष त्याआधी नव्हतं.

बेरकी

एवढ्या वेळ वाद घातला, आता कबूल करतो की २०१७ चा शेवटचा दिवस शोधून बघितला. सात फटक्यांच्या आघाडीवर असलेला माणूस शेवटच्या होलला इतका निवांत चालताना मी क्रिकेटमध्येही पाहिला नाही. पाण्याचा आणि जमिनीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढतोय, तिकडे या आणि मार खा.

फुरसतराव

येतो. कोलकातेकर, तुम्ही १८९२ वाला धागा कधी काढताय? आणि रानवारा, फिरत्या मैदानांच्या यादीत तुमची पहिली तीन कोणती ते कारणांसकट लिहा. बंगळूर माझ्याही यादीत आहे, पण कोलकात्याच्या खाली.

रानवारा

कोलकाता, दिल्ली, बंगळूर. कारणं उद्या, आज ऑफिसात साहेब मागे उभा आहे.